धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम : एक प्रपंचवत्सल सेवाव्रती

संसार सांभाळून पवित्र जीवन जगता येते, याची साक्ष आम्हांस फ्रेडरिक ओझानाम यांच्या चरित्रात मिळते. २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान येथे जन्मलेले ओझानाम फ्रान्समधील लियों शहरात वाढले. पॅरिसमध्ये शिकत असताना १८३३ साली त्यांनी मित्रांसह गरिबांच्या घरी जाण्यास आरंभ केला. त्यातूनच संत विन्सेंट डी पॉल सोसायटी उदयास आली.

धर्मगुरू व्हावे की विवाह करावा, हा प्रश्न त्यांना दीर्घकाळ पडला होता. अखेर २३ जून १८४१ रोजी ते अमेली यांच्याशी विवाहबद्ध झाले. १८४५ साली कन्या मारीचा जन्म झाला. सोरबोन विद्यापीठात अध्यापन करीत असतानाही गरिबांची सेवा थांबली नाही आणि घराकडेही दुर्लक्ष झाले नाही. विवाहाच्या स्मरणार्थ दर महिन्याच्या २३ तारखेस ते पत्नीला फुले देत.

दीर्घ आजारानंतर ८ सप्टेंबर १८५३ रोजी मार्सेय येथे वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. तेव्हा मारी आठ वर्षांची होती. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

गरिबाचे दार आणि स्वतःचे घर यांपैकी एकच निवडावे लागत नाही, हा त्यांचा वारसा आपण सारे जपूया.