बळवंतराव टिळकांचें बुडालेलें वर्ष

गडचिरोलीस पहांटें पांच वाजतां जो कोणी घराबाहेर पडेल, त्यास चंद्रपूर, आरमोरी, धानोरा व चामोर्शी या चारही वाटांवर धांवणारीं मुलें व मुली दृष्टीस पडतील. बहुतेकांस पोलीस भरतीची परीक्षा द्यावयाची असते. तेथें मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर अंतर धांवून दाखवावें लागतें आणि घड्याळाच्या प्रत्येक सेकंदावर गुण अवलंबून असतात. या धांवणारांकडे आम्ही कौतुकानें पाहतों. परंतु आणखीही एक गोष्ट आमच्या नजरेस येते. भरतीची जाहिरात निघाली कीं रस्ता भरून जातो, आणि पंधरा दिवस लोटले नाहींत तोंच तो अर्धा रिकामा होतो. कोणाचा गुडघा दुखावतो, कोणास झोप आवरत नाहीं, कोणास पावसाचें निमित्त मिळतें. जे टिकतात त्यांतीलही पुष्कळ जण परीक्षा आटोपतांच बूट खुंटीस टांगतात. आमच्या विद्यार्थ्यांची गत याहून निराळी नाहीं. आणि आमची स्वतःची तर नाहींच नाहीं, हें पुढें कबूल करूंच.

म्हणून यंदाच्या अंकासाठीं चरित्र निवडतांना आम्हीं एका अशक्त विद्यार्थ्याचें निवडिलें आहे. हा विद्यार्थी धांवणारा नव्हता. तो तालमींतला व पाण्यांतला होता. त्याचें पुढील राजकारण इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांनीं वाचलेंच आहे. परंतु वयाच्या सतराव्या वर्षीं त्यानें आपल्या देहाशीं जो करार केला व तो निभावला, त्याची हकीकत पुस्तकांत दोन ओळींत आटोपते. आम्हांस त्या दोन ओळींविषयींच लिहावयाचें आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झाला. मूळ गांव दापोलीजवळील चिखली. खरें नांव केशव, परंतु घरांत बाळ म्हणत व तेंच कायम झालें. वडील गंगाधरपंत हे संस्कृत व गणित या दोन्ही विषयांत निष्णात शिक्षक होते; त्रिकोणमितीवर त्यांनीं पुस्तकही लिहिलें होतें. १८६६ मध्यें त्यांची बदली पुण्यास झाली आणि सारें कुटुंब देशावर आलें. त्यानंतर थोड्याच काळांत मुलाची आई पार्वतीबाई वारली. १८७१ मध्यें त्या वेळच्या रीतीप्रमाणें बाळचें लग्न झालें. मुलगी कोंकणांतीलच, सासरचें नांव सत्यभामा. पुढील वर्षीं ऑगस्टमध्यें वडीलही गेले. मुलगा सोळा वर्षांचा, प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली, घरांत चुलते व चुलती यांचें छत्र. अशा स्थितींत तो परीक्षा उतरला आणि १८७३ च्या आरंभीं डेक्कन कॉलेजांत दाखल होऊन तेथील वसतिगृहांत राहूं लागला.

या मुलाची बुद्धि तीक्ष्ण होती, परंतु शरीर बुद्धीस साजेसें नव्हतें. अंग किरकोळ, हातपाय बारीक, आणि त्या मानानें डोकें मोठें; पचनशक्ति तर आधींपासूनच दुबळी. पत्नीची प्रकृति यांच्यापेक्षां धडधाकट आहे अशी थट्टा मित्र करीत, असें चरित्रकार सांगतात. थट्टेनें माणूस खिन्न होतो किंवा चिडतो. टिळकांनीं तिसरी वाट धरिली. कॉलेजचें पहिलें वर्ष शरीर कमावण्यास द्यावयाचें, असें त्यांनीं ठरविलें.

हा निश्चय आज जितका सोपा वाटतो तितका तो नव्हता. आईबाप दोघेही गेलेले. वडिलांनीं शिक्षणापुरती तरतूद मागें ठेविली होती खरी, परंतु ती कांहीं अक्षय नव्हती. घरीं बायको. अशा मुलानें एक सबंध वर्ष तालमींत घालविणें म्हणजे शेजारपाजाऱ्यांच्या दृष्टीनें वेडेपणाच. आमच्याकडे कोणी विद्यार्थी असा बेत घेऊन आला असता तर आम्हीं त्यास प्रथम घरीं परत पाठविलें असतें, हें प्रांजळपणें सांगतों. आणि शेवटीं व्हावयाचें तेंच झालें. त्या वर्षीं ते परीक्षेंत नापास झाले. वर्ष बुडालें.

परंतु तें बुडालें कशांत, हें पाहिलें पाहिजे. डेक्कन कॉलेज त्या काळीं पुणें शहरापासून दूर, येरवड्याकडे, मुळा-मुठेच्या जवळ माळावर होतें. नदी हाताशीं होती. तालीम, कुस्ती, पोहणें आणि नाव वल्हविणें हा टिळकांचा रोजचा अभ्यासक्रम झाला. जोडीस आहार सुधारला. अंगीं लागेल असें व पचेल तितकें खावयाचें, आणि खाल्लेलें व्यायामानें जिरवावयाचें. वर्षाअखेरीस जो मनुष्य तयार झाला तो पैलवान नव्हे. परंतु त्याचें अंग भरलें, पचन सुधारलें, आणि मुख्य म्हणजे रात्रीं जागून अभ्यास करण्याचा व दिवसा काम रेटण्याचा दम त्याच्यांत आला. पोहण्याची आवड तर पुढें जन्मभर टिकली.

आम्हांस या हकीकतींत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही, कीं त्यांनीं कोणत्याही परीक्षेसाठीं शरीर कमाविलें नाहीं. भरती नव्हती, बक्षीस नव्हतें. उलट परीक्षा हातची जात होती. त्यामुळें परीक्षेबरोबर व्यायाम संपण्याचाही प्रश्न उरला नाहीं. पुढील वर्षीं अभ्यास सुरू झाला तरी व्यायामाची संवय राहिली. आपल्याबरोबर इतरांसही ओढावयाचें हा त्यांचा स्वभाव तेव्हांच दिसूं लागला होता. नाजूक प्रकृतीच्या सोबत्यांच्या खोल्यांत शिरून त्यांच्या औषधांच्या बाटल्या बाहेर टाकीत व त्यांस तालमीची वाट दाखवीत, अशी आख्यायिका आहे. ज्यांच्या बाटल्या गेल्या त्यांचें मत कोणीं नोंदविलेलें नाहीं! परंतु स्पष्ट बोलण्याबद्दल व दांडगाईबद्दल त्यांस सोबत्यांनीं जीं टोपणनांवें दिलीं होतीं त्यांवरून त्याचा अदमास करतां येतो.

येथें आमचा कबुलीजबाब देतों. दोन वर्षांपूर्वीं, वयाची चाळिशी उलटल्यावर, आम्हींही नवे बूट घेतले. पहिल्याच दिवशीं कठाणीच्या पुलाकडे तोंड करून जीव खाऊन धांवलों, आणि पुढील तीन दिवस जिना उतरतांना भिंतीस धरीत होतों. चौथ्या दिवशीं पुन्हां तेंच. दहाव्या दिवशीं बूट माळ्यावर. चूक बुटांची नव्हती. श्वास व हृदय हीं थोड्या आठवड्यांत सरावतात. स्नायूंचे दोर, सांधे व हाडें यांस मात्र महिनेच्या महिने लागतात. दम वाढला म्हणून आपण पल्ला वाढवितों आणि नडगी व गुडघा मागें राहतात. नवशिक्यांचीं बहुतेक दुखणीं येथेंच जन्मतात. टिळकांनीं या कामास आठवडा नव्हे तर वर्ष दिलें, याचें मर्म आम्हांस त्या भिंतीस धरून उतरतांना कळलें.

दुसऱ्या खेपेस आम्हीं रीत बदलली. पहिले दोन आठवडे नुसतें झपझप चालणें. मग एक मिनिट हळू धांवणें व दोन मिनिटें चालणें, असें वीस मिनिटेंपर्यंत. तेंही एक दिवसाआड, म्हणजे मधला दिवस अंगास सांवरण्यासाठीं. वेग इतकाच ठेवावयाचा कीं शेजारच्याशीं पूर्ण वाक्य बोलतां यावें. बोलतां येईनासें झालें कीं चालूं लागावें, त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. दर आठवड्यास धांवण्याचा वेळ थोडा वाढवावा व चालण्याचा थोडा कमी करावा. असें करीत दोन-अडीच महिन्यांत आम्ही वीस मिनिटें न थांबतां धांवूं लागलों. शिवाय भिंतीवरील दिनदर्शिकेंत धांवलेल्या दिवसावर एक फुली मारीत गेलों. फुल्यांची ओळ तुटूं नये असें वाटूं लागणें हीच अर्धी लढाई आहे. उरलेली अर्धी म्हणजे पांच वाजतां दाराशीं येऊन हांक मारणारा सोबती.

आपल्या जिल्ह्यापुरतें दोन शब्द अधिक सांगणें जरूर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत ऊन चढण्यापूर्वींच धांवणें आटोपावें व पाणी पिऊन निघावें. जंगलालगतच्या वाटेनें मात्र अंधारांत एकट्यानें जाऊं नये. वाघ व अस्वल यांस आपल्या फुल्यांच्या ओळीशीं कर्तव्य नसतें. फटफटल्यावर, वस्तीजवळच्या मोकळ्या रस्त्यावर किंवा शाळेच्या मैदानांत चौघांनीं मिळून धांवावें. सिकलसेलचा आजार आपल्याकडील पुष्कळ घरांत आहे. ज्याच्या रक्तांत तो आहे त्यानें जोराचा व्यायाम डॉक्टरांस विचारल्यावांचून आरंभूं नये. नुकताच मलेरियाचा ताप येऊन गेलेल्या मुलानेंही घाई करूं नये. तेथें धैर्य दाखविण्याची जागा नाहीं.

आतां पुन्हां बळवंतरावांकडे वळूं. वर्ष बुडाल्यावर त्यांनीं अभ्यासांत लक्ष घातलें. केरूनाना छत्रे यांच्यासारखे गणिताचे अध्यापक लाभले, आणि १८७६ च्या बी. ए. परीक्षेंत गणित घेऊन ते पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. एम. ए. मात्र प्रयत्न करूनही साधलें नाहीं. १८७९ मध्यें कायद्याची पदवी मिळविली. १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्यें केसरी व मराठा, १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढच्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेज, हा क्रम सर्वश्रुत आहे. १८८२ मध्यें कोल्हापूर प्रकरणांत आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. १८९७ मध्यें राजद्रोहाच्या खटल्यांत दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वर्षभरानें सुटले तेव्हां अंग अगदीं खंगलें होतें. मग विश्रांति, स्वच्छ हवा आणि हळूहळू पूर्वपदावर येणें. सिंहगड हें त्यांचें आवडतें विश्रांतिस्थान होतें. तेथें त्यांनीं राहण्यास बंगलाही केला. एकदां कमाविलेलें शरीर पुन्हां कमावतां येतें, ही जाणीव अशा वेळीं केवढा आधार देत असेल!

खरी कसोटी १९०८ मध्यें आली. बावन्नाव्या वर्षीं सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते ब्रह्मदेशांत मंडालेच्या तुरुंगांत गेले. तेथें लांकडी खोली, असह्य उन्हाळा, आणि अंगांत मधुमेह. व्यायामानें सर्व रोग टळतात असें कोणी म्हणत असेल तर त्यानें या ठिकाणीं थांबून विचार करावा. टिळकांसही मधुमेह टाळतां आला नाहीं, आणि सुपारीची संवयही त्यांस कांहीं थोडीथोडकी नव्हती. परंतु आहाराचीं बंधनें त्यांनीं कडकपणें पाळलीं. १९१० च्या अखेरीपासून पांचेक महिन्यांत त्यांनीं तेथें पेन्सिलीनें गीतारहस्य लिहून काढिलें. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचाही अभ्यास केला. जून १९१२ मध्यें सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. ती वार्ता त्यांस तुरुंगांतच ऐकावी लागली. जिच्या धडधाकट प्रकृतीवरून मित्र थट्टा करीत, ती आधीं गेली. १६ जून १९१४ रोजीं ते सुटून पुण्यास आले तेव्हां वय अठ्ठावन्नास टेकलें होतें, प्रकृति ढासळली होती. तरी त्यानंतर सहा वर्षें सभा, दौरे व इंग्लंडचा प्रवास करण्याइतकी शक्ति त्या देहांत उरली होती.

१ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस सरदारगृहांत त्यांचें देहावसान झालें.

याच महिन्यांतली आणखी एक गोष्ट आमच्या धांवणाऱ्या वाचकांस आवडेल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटा यांनीं अनवाणी धांवणारे खेडुत पाहिले होते. त्यांचा दम पाहून हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिक सामन्यांस पाठवावे असें त्यांच्या मनांत आलें. त्यांच्या खटपटीनें जो लहानसा संघ बेल्जममधील अँटवर्प शहरीं गेला, त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले व साताऱ्याचे सदाशिव दातार हे दोघे लांब पल्ल्याचे धांवणारे होते. २२ ऑगस्ट रोजीं मॅरेथॉन शर्यत झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे गडचिरोलीहून निघून आरमोरीच्याही पुढें. चौगुले एकोणिसावे आले.