‘स्प्रे’चा एकटा खलाशी

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात एकच कामगार दोन-तीन यंत्रे सांभाळताना दिसतो. त्याचे रहस्य हातांच्या वेगात नसते. सुटा भाग घट्ट धरून ठेवण्याचे काम फिक्स्चर करते आणि कामगाराचे हात पुढच्या कामाला मोकळे होतात. एकट्याने शिडाची होडी हाकणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. सुकाणू धरायचे की शिडे? त्यातही सर्वांत त्रासदायक ते नाळेवरचे तिकोनी शीड, जिब. ते होडीच्या पुढच्या टोकाला, सुकाणू मागच्या टोकाला. वादळात या दोन टोकांमधले अंतर माणसाच्या जिवावर उठू शकते. या अंतराशी झुंजत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला माणूस म्हणजे जोशुआ स्लोकम.

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशियात झाला. वडिलांचा धंदा बूट शिवण्याचा. मुलाचे मन मात्र दर्यात. कोवळ्या वयात तो घरातून निसटला आणि साध्या खलाशापासून चढत चढत कप्तान झाला. १८७१ मध्ये सिडनीत व्हर्जिनिया वॉकरशी त्याचा विवाह झाला. तिने जहाजावरच संसार थाटला आणि १८८४ मध्ये ब्युनोस आयर्सजवळ जहाजावरच तिचा अंत झाला. तीन वर्षांनी त्याचे ‘अ‍ॅक्विडनेक’ हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. या गृहस्थाने खचून न जाता तिथेच एक छोटे गलबत बांधले आणि दुसरी पत्नी व मुलांसह १८८८ मध्ये अमेरिका गाठली. पण शिडाच्या जहाजांचे दिवस आता सरले होते. आगबोटींच्या जमान्यात अशा कप्तानाला काम कोण देणार?

अशा वेळी एका ओळखीच्या देवमासेमार कप्तानाने त्याला एक ‘जहाज’ देऊ केले. फेअरहेवनला जाऊन पाहतो तो काय, एका शेतात टेकू देऊन उभी केलेली, कालवे पकडणारी जुनी नौका! स्लोकमने तिची एकेक फळी नवी बसवली. १३ महिन्यांची मेहनत आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून ३६ फूट ९ इंच लांबीची ‘स्प्रे’ उभी राहिली. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याने बोस्टन सोडले.

‘स्प्रे’च्या नाळेपुढे एक आडवी काठी झेपावलेली होती. तिला बोस्प्रिट म्हणतात आणि जिब तिच्यावर ताणलेले असते. वारा वाढला की ते शीड लहान करायला खलाशाने त्या काठीवर सरपटत जायचे, खाली उसळता समुद्र, आणि मागे सुकाणूवर कोणीही नाही. ब्युनोस आयर्सला स्लोकमने डोलकाठी ७ फुटांनी आणि ही काठी सुमारे ५ फुटांनी कापली. तरीही पुढे तिच्या टोकावर लोंबकळताना, आणखी एक फूट कापली असती तर बरे झाले असते, असे त्याला एकदा नव्हे, अनेकदा वाटले. वेग थोडा कमी चालेल, पण शीड हाताच्या आवाक्यात हवे, हा हिशेब एकट्या माणसाचाच असू शकतो.

त्याची खरी करामत मात्र दोरांच्या ताणात होती. शिडाचा मोकळा कोपरा खेचून धरणाऱ्या दोराला आपल्याकडचे दर्यावर्दी दामण म्हणतात. वारा पाठीमागून असताना मोठे शीड एका बाजूला फाकलेले असते आणि ते होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवू पाहते. स्लोकम अशा वेळी जिबची दामण आवळून ते शीड मधोमध सपाट ठेवी आणि सुकाणूचे चाक दोराने बांधून टाकी. होडी भरकटू लागली की वारा त्या सपाट शिडाच्या एका अंगावर आदळे आणि नाळ पुन्हा मार्गावर ढकली. अर्थात याचे निम्मे श्रेय ‘स्प्रे’च्या लांब तळकाठीला द्यायला हवे. अशी युक्ती आजच्या आखूड तळकाठीच्या चपळ होडीवर तितकीशी साधत नाही.

मार्च १८९६ मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीबाहेर वादळाने त्याला दक्षिणेकडे लोटले. मोठे शीड फाटून चिंध्या झाल्या. त्याने पुढचे एक लहान शीड तेवढे उभारले, मागे दोन लांब दोर पाण्यात सोडले आणि सुकाणू बांधून ठेवले. ‘स्प्रे’ तरली. त्याच वर्षी सामोआ बेटावर ‘ट्रेझर आयलंड’कार स्टीव्हन्सनच्या पत्नीने दिलेला बांबू त्याने पुढे जोडला आणि मंद वाऱ्यासाठी त्यावर आणखी एक शीड लावले. १८९७ मध्ये थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांच्या प्रवासात, २३ दिवसांत, तो जेमतेम तीन तास सुकाणूवर होता. उरलेला वेळ वाचनात आणि स्वयंपाकात गेला. अनुभवी खलाशांचाही यावर चटकन विश्वास बसला नाही, यात नवल ते काय!

२७ जून १८९८ रोजी ४६,००० मैलांचा प्रवास संपवून तो न्यूपोर्टला पोहोचला. १९०० साली त्याचे प्रवासवर्णन पुस्तकरूपाने आले आणि एकांड्या दर्यावर्दींचा तो आद्यगुरू ठरला.

ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दिलीप दोंदे यांनी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून मुंबई ते मुंबई अशी एकट्याने प्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. तोवर नौकानयनाचे तंत्र पार बदलले होते. नाळेवरचे शीड आता पुढच्या ताणतारेभोवती पडद्यासारखे गुंडाळता येते. त्याचा दोर आणि दामणी कप्प्यांवरून मागे सुकाणूपाशी आणलेल्या असतात. बोस्प्रिटवर सरपटण्याची वेळ सहसा येत नाही.

स्लोकमच्या नशिबी हे सुख नव्हते. जमिनीवर त्याचा जीव रमला नाही. नोव्हेंबर १९०९ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, तो पुन्हा एकटाच दक्षिण अमेरिकेच्या दिशेने निघाला. ‘स्प्रे’ तोवर जुनी झाली होती. दोघांचाही पुढे पत्ता लागला नाही. न्यायालयाने त्याला मृत घोषित केले ते १९२४ मध्ये.