साडीतील मरियामातेचा चित्रकार : आंजेलो द फोन्सेका

साडी नेसलेल्या मरियामातेचे चित्र पाहून आज आपल्याला नवल वाटत नाही. परंतु तसे चित्र रंगविल्याबद्दल आंजेलो द फोन्सेका यांना मातृभूमी सोडावी लागली, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

१९०२ साली गोव्यातील सांतेस्तेव्ह येथे एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील पाश्चात्त्य वळण त्यांना रुचले नाही. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांना स्वतःची वाट गवसली.

गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियामातेला सावळ्या भारतीय स्त्रीच्या रूपात चितारले. पोर्तुगीज अमलाखालील तेथील ख्रिस्ती समाजाला तो अधर्म वाटला. टीकेने व्यथित होऊन त्यांनी पुणे गाठले. तेथे त्यांना आसरा मिळाला तो अँग्लिकन बांधवांच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. स्वकीयांनी नाकारलेल्या कलावंतास परक्यांनी जवळ केले, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करते. जेसुइट धर्मगुरू हेन्री हेरास यांनी मात्र त्यांना सदैव प्रोत्साहन दिले.

कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेची नव्हे, सर्व लोकांच्या कलेला तिच्यात स्थान आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली घोषित केले. त्यानंतर चार वर्षांनी फोन्सेका पुण्यात प्रभुचरणी विलीन झाले. त्यांनी कटुता न बाळगता अखेरपर्यंत चित्रे रंगविली. आपल्या धर्मग्रामातील वेगळ्या वाटेने जाणाऱ्या कलावंतांना आपण वेळीच ओळखावे, हीच त्यांना खरी आदरांजली.