हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) : इद्दतीचे दिवस आणि त्यानंतरचे आयुष्य



तलाक झालेल्या मुलीचे वडील मशिदीत येतात, तेव्हा ते बहुधा सारे नमाजी निघून जाईपर्यंत थांबतात आणि मग हलक्या आवाजात बोलू लागतात. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या असतात. मुलीने इद्दत कोठे व कशी पाळावी, ही पहिली. तिचा दुसरा निकाह लावून देण्यात काही कमीपणा आहे काय, ही दुसरी. या दोन्ही प्रश्नांतून स्वतः गेलेल्या एका थोर सहाबियांचे चरित्र आज आपण पाहू.

हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) या कुरैश वंशातील. जहाक बिन कैस (रजि.) हे त्यांचे बंधू. सुरुवातीच्या काळात हिजरत करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. बुद्धी आणि रूप या दोन्ही देणग्या त्यांना लाभल्या होत्या, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्यांचा निकाह मखजूम घराण्यातील अबू अम्र बिन हफ्स (रजि.) यांच्याशी झाला होता. दोन तलाक पूर्वीच होऊन गेले होते. पुढे पती हजरत अली (रजि.) यांच्याबरोबर यमनला गेले आणि तेथूनच त्यांनी उरलेला तिसरा तलाक कळविला. आता पतीला परत घेण्याचा अधिकार उरला नाही.

पतीच्या वतीने त्यांच्याकडे थोडे जव पाठविण्यात आले. त्यांना ते अपुरे वाटले. सासरच्या मंडळींनी सांगितले की, याहून अधिक देणे आमच्यावर बंधनकारक नाही. येथे त्यांचे वर्तन लक्षात घ्या. त्या रडत बसल्या नाहीत, की भांडणही केले नाही. त्या थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या आणि आपले म्हणणे मांडले. प्रेषितांनी (स.) निर्णय दिला की, या स्थितीत पतीकडून खर्च मिळण्याचा हक्क नाही.

मग प्रश्न आला राहण्याचा. प्रेषितांनी (स.) आधी उम्मे शरीक (रजि.) यांचे घर सुचविले. परंतु त्या दानशूर बाईंकडे पाहुण्यांची सतत वर्दळ असे. इद्दतीतील स्त्रीला तेथे मोकळेपणा मिळाला नसता. म्हणून प्रेषितांनी (स.) ते बदलून हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांच्या घरी राहण्यास सांगितले. ते दृष्टिहीन होते, त्यामुळे तेथे त्यांना पडद्याचा संकोच बाळगावा लागणार नव्हता. एका तलाक झालेल्या स्त्रीला घरात निवांतपणे वावरता यावे, एवढ्या बारकाव्याचा विचार खुद्द अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) केला. निघण्यापूर्वी त्यांना हेही सांगण्यात आले की, इद्दत पूर्ण होताच कळवावे.

येथे इद्दतीचे नियम थोडक्यात ध्यानी घेऊ. पवित्र कुरआनने तलाक झालेल्या स्त्रीसाठी तीन ‘कुरू’ ठरविले आहेत. हनफी फिकहनुसार ते तीन मासिक पाळ्या आणि शाफई फिकहनुसार पाकीचे तीन काळ होत. जिला पाळी येत नाही, तिच्यासाठी तीन महिने. गर्भवतीसाठी प्रसूतीपर्यंत. पती वारल्यास, गर्भ नसेल तर, चार महिने दहा दिवस. सहवासापूर्वीच तलाक झाला असेल, तर इद्दत नाही. एक किंवा दोन रजई तलाक असतील, तर याच मुदतीत पती पत्नीला परत घेऊ शकतो. म्हणून इद्दत ही शिक्षा नव्हे. वंशाची शुद्धता राखण्याची आणि मोडू पाहणारा संसार सावरण्याची ती मुदत आहे. ती संपेपर्यंत दुसरा निकाह वैध होत नाही.

इद्दत पूर्ण झाली. फातिमा (रजि.) यांना मुआविया (रजि.) आणि अबू जहम (रजि.) या दोघांकडून मागणी आली. त्यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला घेतला. प्रेषितांनी (स.) स्पष्टपणे सांगितले की, एकाकडे संपत्ती नाही आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून काठी खाली उतरत नाही. त्याऐवजी त्यांनी उसामा बिन जैद (रजि.) यांचे नाव सुचविले. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र, आणि फातिमा कुरैश घराण्यातील. आरंभी त्यांच्या मनाला ते पटले नाही. तरीही त्यांनी प्रेषितांचा (स.) शब्द मानला. पुढे अल्लाहने त्या निकाहात इतके कल्याण ठेवले की, इतर स्त्रियांना त्यांचा हेवा वाटू लागला, असे त्या स्वतः सांगत.

पालकहो, येथे थांबून विचार करा. मागणी घालणाऱ्याचा स्वभाव किंवा परिस्थिती कोणी विचारली, तर खरे सांगणे ही निंदा नव्हे, ती अमानत आहे. आपण मात्र घटस्फोटित मुलीसाठी स्थळ आले की, चौकशी करायलाच संकोचतो. जणू तिला निवडीचा अधिकारच उरलेला नाही!

या कथेचा उत्तरार्धही महत्त्वाचा आहे. हजरत उमर (रजि.) यांनी खर्च व निवासाबाबतचे त्यांचे कथन स्वीकारले नाही. एका स्त्रीच्या स्मरणात चूक झाली असेल, तर त्यावरून कुरआन व सुन्नत सोडता येणार नाही, असे त्यांचे मत होते. हजरत आयशा (रजि.) यांनी खुलासा केला की, फातिमांचे घर निर्जन ठिकाणी असल्याने त्यांना हलण्याची मुभा मिळाली होती. मदीनेचा अधिकारी मरवान यानेही पुढे आक्षेप घेतला. तेव्हा फातिमा (रजि.) यांनी सूरह तलाकचाच आधार घेतला. घरात राहण्याचा आदेश देताना तेथे समेटाची आशा दाखविली आहे, तिसऱ्या तलाकनंतर ती कोठे उरते, असा त्यांचा सवाल होता.

या मतभेदाचे पडसाद आपल्या दारापर्यंत आले आहेत. अंतिम तलाकनंतर हनफी फिकहनुसार इद्दतीत निवास व खर्च दोन्ही मिळतात. कोकणातील आपले शाफई बांधव निवास मानतात, पण खर्च गर्भवतीलाच. हंबली इमामांनी फातिमांचे कथन स्वीकारून दोन्ही नाकारले. म्हणून आपल्या आलिमांना विचारूनच पाऊल उचला.

हजरत उमर (रजि.) यांच्या शहादतीनंतर नव्या खलीफाची निवड करणारे सल्लागार फातिमा (रजि.) यांच्याच घरी जमले होते, असे इतिहासकार लिहितात. तलाकमुळे समाजातील त्यांचा मान कमी झाला नाही. त्यांनी इद्दत पाळली, विचारपूर्वक दुसरा संसार मांडला, आणि त्यांचे शब्द आजही मदरशांतून शिकविले जातात. आपल्या घरात परतलेल्या लेकीकडे पाहताना ही माउली आठवा. तिला इद्दतीत निवांत जागा द्या, इद्दतीनंतर मोकळी वाट द्या.

अल्लाह आपल्या सर्वांना याची समज व बळ देवो. आमीन.