रक्तातले राखणदार

गेल्या महिन्यात वडिलांच्या रक्ताचा रिपोर्ट हाती आला. वय ७४, ताप नाही, खोकला नाही. पण पांढऱ्या पेशी १०,४००. चार ते अकरा हजार म्हणजे नॉर्मलच की, असे म्हणून मी कागदाची घडी घालणार, तोच डॉक्टरांनी विडीची चौकशी केली. वडील खिडकीबाहेर पाहू लागले. मला मात्र इल्या मेचनिकॉफ आठवले.

हे गृहस्थ १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकॉव्हजवळ जन्मले. १८७३ साली पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी मॉर्फिन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. सुदैवाने वाचले. १८८२ साली ओडेसा विद्यापीठाची नोकरी सोडून ते सिसिलीतल्या मेसिनाला आले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली आणि हे सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिले. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी बारीक काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच परक्या जंतूंना गिळून टाकतात, हे त्यांनी पुढे मांडले. अनेकांनी टीका केली, पण ते मागे हटले नाहीत. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रमले आणि १९०८ साली पाउल एर्लिख यांच्यासह नोबेलचे मानकरी ठरले.

उतारवयात त्यांना म्हातारपणाचेच कोडे पडले. याच राखणदार पेशी वयोमानानुसार घरच्याच पेशी खाऊ लागतात, असे त्यांचे मत होते. आतड्यातल्या विषांवर उपाय म्हणून ते रोज आंबवलेले दूध घेत. तरीही जुलै १९१६ मध्ये, ७१व्या वर्षी, हृदयविकारानेच ते गेले.

त्यांचे सारेच तर्क टिकले नाहीत, पण राखणदाराची दुसरी बाजू खरी निघाली. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, तिथेच अडकतात आणि चरबीचा थर वाढतो. तो फुटला की गुठळी होते. पांढऱ्या पेशी जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक दिसतो, असे १९७४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले. वृद्धांमध्येही हा संबंध आढळतो. धूम्रपानाने या पेशी वाढतात. मग औषधाने राखणदारांनाच आवरावे का? २०१७ साली दाह कमी करणाऱ्या एका औषधाने पुन्हा येणारे झटके कमी झाले खरे, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पहारा सैल केला की चोर शिरणारच!

एका आकड्यावरून निदान होत नाही, हे डॉक्टरांनी बजावले. ईसीजी झाला, रक्तदाब पाहिला, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले.

घरी आल्यावर वडिलांनी विड्यांचे बंडल मुकाट्याने माझ्या हातात दिले. जेवताना मात्र दह्याची वाटी त्यांनी दोनदा मागितली.