शिलालेखांचे वाचक : पंडित भगवानलाल इंद्रजी

हिंगोलीहून अजिंठा-वेरूळच्या सहलीला गेलेला विद्यार्थी लेण्यांच्या भिंतींवरील अनोळखी अक्षरांपुढे क्षणभर थबकतोच. ती कोणी कोरली, का कोरली, त्यांत काय सांगितले आहे, हे प्रश्न त्याच्या मनात उमटतात. असाच प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी जुनागढ येथील एका मुलाला पडला आणि त्याचे उत्तर शोधण्यात त्याने आपले सारे आयुष्य वेचले. ते म्हणजे थोर पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी.

भगवानलालांचा जन्म 7 नोव्हेंबर 1839 रोजी काठियावाडातील जुनागढ येथे एका वैद्यकुळात झाला. गावालगत गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. सम्राट अशोक, महाक्षत्रप रुद्रदामन आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त अशा तीन भिन्न काळांतील राज्यकर्त्यांचे लेख त्या एकाच शिळेवर आहेत. जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला होता. परंतु ते ज्ञान इंग्रजी ग्रंथांत बंदिस्त होते. प्रिन्सेप यांनी सिद्ध केलेला अक्षरांचा तक्ता भगवानलालांच्या हाती आला, तेव्हा तो घेऊन ते शिळेपाशी जात आणि एकेक अक्षर जुळवीत. महाविद्यालयाची पायरी न चढता ही शिळाच त्यांची पाठशाळा झाली.

त्यांच्या या विद्येची वार्ता मुंबईचे विख्यात धन्वंतरी आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापर्यंत पोहोचली. वयाच्या बाविशीच्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले आणि 1874 साली भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत त्यांचे साहाय्यक म्हणून राहिले. या काळात व पुढेही अजिंठा, राजपुताना, मथुरा, ओरिसा, नेपाळ असा दूरवरचा प्रवास करून त्यांनी लेखांचे ठसे व नकला घेतल्या. झिजलेले अक्षर दिसले की तर्काने ते भरून काढण्याची घाई त्यांनी केली नाही. मूळ दगड पुन्हा पाहावा, ही त्यांची शिस्त होती. इंग्रजीवर प्रभुत्व नसल्यामुळे ते आपले निबंध गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्यांचे भाषांतर करीत. भाषेची ही उणीव त्यांच्या विद्वत्तेच्या आड आली नाही. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले.

महाराष्ट्रावर त्यांचे उपकार विशेष आहेत. नाणेघाटातील सातवाहन लेख, नाशिकची पांडवलेणी यांच्या वाचनात त्यांचा मोठा वाटा आहे. जेम्स बर्जेस यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा ग्रंथ 1881 मध्ये प्रसिद्ध झाला. या लेखांतून केवळ राजे-राण्यांची नावे पुढे आली नाहीत. आपल्या मराठवाड्यातील पितळखोरे येथे स्तंभाचे दान देणारा पैठणचा गंधी मितदेव, नाशिकला लेणे देणारा मुगुदास नावाचा कोळी, कुडे येथील माळी, ठिकठिकाणच्या भिक्षू-भिक्षुणी व उपासिका यांची नावे जगाला पुन्हा कळली. लोक ज्यांना पांडवांची किंवा राक्षसांची करणी समजत होते, ती लेणी श्रमिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानातून उभी राहिली, हे सप्रमाण सिद्ध झाले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत संस्मरणीय पर्व सोपारा येथील होय. बौद्ध परंपरेत स्थविर पूर्ण यांच्या नावाशी जोडलेले हे प्राचीन बंदर. तेथील एका टेकाडाला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. एप्रिल 1882 मध्ये भगवानलालांनी ते उकरले आणि आत विटांचा स्तूप असल्याचे दिसून आले. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याच्या करंडकाभोवती भावी बुद्ध मैत्रेयासह आठ बुद्धांच्या लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. करंडकात एकात एक अशा चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या व सोन्याच्या डब्या निघाल्या आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या पात्राचे तेरा तुकडे सापडले. सोन्याहून मातीला अधिक मोल देणारी ती श्रद्धा होती. भगवानलालांच्या मते हे तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत. त्याच वर्षी सोपाऱ्यात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही मिळाला. शिकारीच्या यात्रा सोडून सम्राट संबोधीच्या दर्शनास गेला व धम्मयात्रा सुरू झाल्या, हा त्या लेखाचा आशय आहे.

16 मार्च 1888 रोजी, अवघ्या 48 व्या वर्षी, भगवानलालांचे मुंबईत निधन झाले. मथुरेला शीतलादेवीच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांत बसवलेला जो सिंहशीर्ष त्यांनी मिळवला होता, तो त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियमला देण्यात आला.

भगवानलालांच्या हाती लिपीचा एकच तक्ता होता. आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइलवर 1881 चा तो ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर पानोपान उघडता येतो. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर तो सिंहशीर्ष पाहता येतो. 2010 पासून ब्राह्मी लिपीचा युनिकोडमध्ये समावेश झाल्याने ती संगणकावर टंकताही येते. साधने दाराशी आली आहेत. मात्र पडद्यावरील छायाचित्र पाहणे आणि लेख वाचणे यांत अंतर आहे. ते अंतर रोज दहा अक्षरे गिरवूनच कापावे लागते. आपल्या वसतिगृहातील एखाद्या मुलीने किंवा मुलाने ही लिपी शिकून पितळखोऱ्याच्या स्तंभावरील त्या गंध्याचे नाव स्वतः वाचले, तर पंडित भगवानलाल इंद्रजींना याहून यथोचित अभिवादन दुसरे नसेल.