कुरर पक्षी आणि प्रेमचंदशेठ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात सत्पुरुषांची चरित्रे यावीत, अशी आपली रीत आहे. यंदा मी मात्र एका शेअर दलालाची हकीकत लिहायला घेतली आहे. कोणाला नवल वाटेल. पण आपल्या अवधूताने यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले, ते सगळे काही साधुसंत नव्हते. त्यांत अजगर आहे, गळाला लागलेला मासा आहे, पिंगला वेश्या आहे. ज्याच्याकडे पाहून आपण शहाणे होऊ, तो गुरू. त्या हिशेबाने मुंबईच्या प्रेमचंद रायचंदांकडेही बघायला हरकत नाही. मी बी.कॉम. होऊन सारी उमर बँकेत घालवलेला माणूस, त्यामुळे हा विषय माझ्या जरा जवळचाही आहे.

प्रेमचंदशेठ मूळचे सुरतेचे, जन्म १८३१ सालचा. घराणे जैन. वडील रायचंद दीपचंद व्यापारासाठी मुंबईत आले, तेव्हा मुलगा लहानच होता. इथे त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. त्या काळच्या देशी दलालांत नीट इंग्रजी बोलता-लिहिता येणारा हाच पहिला, असे म्हणतात. साहेबाच्या पेढीत दुभाष्याशिवाय जाता येणे ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. १८५२ च्या सुमारास ते दलालीत शिरले आणि दहा वर्षांत कापसाच्या आणि शेअरच्या बाजारात त्यांच्या शब्दाला वजन आले. हुशारी, मेहनत आणि गोड जीभ हे त्यांचे भांडवल. इथपर्यंतच्या चरित्रात नाव ठेवायला काही जागा नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडला जायचा, तो बंदरे अडवल्यामुळे थांबला. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा, आणि तो द्यायला उरला हिंदुस्थान. भाव असे चढले की, लोकांनी गाद्या-उशा उसवून जुना कापूस विकल्याच्या गोष्टी सांगतात. चार वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सत्तर-ऐंशी कोटी रुपये जास्त आले असावेत, असा जुन्या जाणत्यांचा हिशेब आहे. त्या काळचे कोटी, हे ध्यानात घ्यावे.

एवढा पैसा आला की तो स्वस्थ बसत नाही. रोज नवी कंपनी निघू लागली. १८६५ च्या जानेवारीत या शहरात ३१ बँका होत्या! कंपनी काय करणार हे कोणी विचारत नव्हते, शेअर मिळतो का एवढेच विचारत होते. सगळ्यांत गाजली ती बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढण्याची कंपनी. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. आपले गिरगाव त्याच समुद्राच्या काठावर, तेव्हा ही लाट आपल्या दारावरूनच गेली म्हणायची. शेअर कोणाला द्यायचे हे बरेचसे प्रेमचंदशेठच्या हाती होते. त्यामुळे त्यांच्या दारी सकाळपासून रीघ लागायची. त्यांत व्यापारी होते तसे साहेब होते, वकील होते, साधे कारकूनही होते. त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर नाव लिहिले की माणूस श्रीमंत झाला.

आता बँकेची गोष्ट. १८४० साली निघालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी हिस्सा असलेली, इभ्रतीची बँक. शेअर तारण ठेवून कर्ज द्यायचे नाही, एकाच माणसाला फार रक्कम द्यायची नाही, असे तिचे जुने नियम कडक होते. १८६३ च्या नव्या कायद्याने हे कुंपण सैल झाले. शेअरवर कर्ज देता येऊ लागले. मग लोक बँकेकडून कर्ज काढून शेअर घेऊ लागले, आणि तेच शेअर तारण ठेवून आणखी कर्ज. ज्याने कर्जखात्यात काम केले आहे त्याला यातला धोका लगेच कळेल. तारणाची किंमत कर्जामुळेच फुगलेली असेल, तर ते तारण नव्हेच. प्रेमचंदशेठचा बँकेत इतका दबदबा झाला की कोणाला पैसे द्यावेत याला त्यांचा होकार पुरेसा होऊ लागला. पुढे १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, तिच्यात हे सगळे बाहेर आले.

यात चोरी कोणी केली? तिजोरी कोणी फोडली नव्हती. प्रत्येकाने थोडेथोडे सोडले होते. संचालकांनी प्रश्न विचारणे सोडले. बँकेच्या चिटणिसाने नाही म्हणणे सोडले. कर्ज घेणाऱ्याने फेडायचे कसे हा विचार सोडला. वकील-मास्तरांनी आपला धंदा सोडला. प्रेमचंदशेठनी काय सोडले? माझ्या मते त्यांनी स्वतःला आवरणारा माणूस जवळ ठेवणे सोडले. ज्याच्याभोवती फक्त होकार उरतो, त्याची घसरगुंडी त्याला स्वतःला दिसत नाही.

अमाप संपत्तीसाठी माणूस काय किंमत मोजेल, असे आपण विचारतो तेव्हा डोळ्यांसमोर मोठे पाप आणतो. खून, दरोडा, विश्वासघात. मला वाटते, अशी किंमत कोणी एकरकमी मागितली तर शंभरातले नव्याण्णव जण हात जोडून परत फिरतील. पण ती एकरकमी कोणी मागतच नाही. ती हप्त्याने जाते. आज एक सही, उद्या एक मागची तारीख, परवा एका मित्रासाठी शब्द. हप्ता इतका लहान असतो की खिशाला कळत नाही, आणि मुद्दल संपल्यावरच ध्यानात येते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जनरल ली शरण आला. ती बातमी इकडे पोहोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी घेणारे होते, देणारे होते, पण पैसा कोणाकडेच नव्हता. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांना गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. घरेच्या घरे बसली. आपल्या गिरगावचे नाना शंकरशेट याच जुलैच्या ३१ तारखेला निवर्तले. शहराला सावरणारा वडीलधारा नेमका तेव्हाच गेला. बँकेचे जवळजवळ सगळे भांडवल बुडाले आणि १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक काढली गेली. तीच पुढे १९२१ मध्ये इम्पीरिअल बँकेत गेली, आणि १९५५ मध्ये तिची स्टेट बँक झाली.

प्रेमचंदशेठचेही दिवाळे वाजले. मालमत्ता धनकोंच्या हवाली झाली. वय होते अवघे चौतीस. ज्यांच्या दारी शहर उभे राहत होते, त्यांच्याच नावाने शहर बोटे मोडू लागले. मात्र त्यांच्या बाजूचे जे आहे तेही लिहिले पाहिजे. ते मुंबई सोडून पळाले नाहीत. पुन्हा पेढी उभी केली, कापसाचा व्यवहार केला आणि १९०६ मध्ये देह ठेवला. चाळीस वर्षांवर काळ ते याच लोकांत वावरले, ज्यांचे पैसे बुडाले होते. पूर्वीचे वैभव मात्र पुन्हा आले नाही.

आणि त्यांचे दान? १८६४ मध्ये, ऐन भरात, त्यांनी मुंबई विद्यापीठाला चार लाख दिले. दोन लाख ग्रंथालयाला, दोन लाख आईच्या नावाने मनोऱ्याला. तोच आपला राजाबाई टॉवर, १८७८ मध्ये पुरा झालेला. आईची दृष्टी गेली होती, सूर्यास्ताआधी जेवायच्या जैन नेमासाठी तिला टोल्यांवरून वेळ कळावी, अशी गोष्ट लोक सांगतात. कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या दोन लाखांतून निघालेली शिष्यवृत्ती पुढे आशुतोष मुखर्जी आणि जदुनाथ सरकार यांच्यासारख्यांना मिळाली. सुरतेत मुलींची शाळा निघाली.

मग हिशेब कसा लावायचा? पुष्कळ जण म्हणतात, एवढे दान केले, फिटले सगळे. माझ्या कारकुनी बुद्धीला हे पटत नाही. दोन वेगळ्या खात्यांची जमा-नावे एकमेकांत वळती करून चालत नाही. ज्याचे घर बुडाले त्याच्या नावे टॉवर जमा होत नाही. आणि उलटही खरे. घर बुडवले म्हणून त्या ग्रंथालयात शिकून गेलेल्या मुलांची विद्या खोटी ठरत नाही. दोन्ही खाती उघडीच राहतात. ती मिळवण्याचे काम महाराजांचे, आपले नाही.

आता अवधूताचा कुरर पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बाकीचे पक्षी त्याला टोचत होते. त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. प्रेमचंदशेठनी तुकडा आपणहून टाकला नाही, तो चोचीतून ओढला गेला. फरक आहे तो एवढाच, पण फार मोठा आहे. आपणहून टाकले तर वैराग्य, ओढले गेले तर दिवाळे. टाकायची वेळ तुकडा चोचीत असतानाच असते.

हे सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे, असे समजू नये. आज गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी पाडून टॉवर उभे राहतात. दहा बाय बाराच्या खोलीला अचानक कोटींची किंमत येते. मग बहिणीची हक्कसोडपत्रावर घाईने सही घेतली जाते, गावाकडच्या भावाला मीटिंगची तारीख कळवली जात नाही, म्हाताऱ्या आईचा अंगठा न वाचता उमटवला जातो. करणारी माणसे वाईट नसतात. दर गुरुवारी आपल्याच रांगेत पेढे घेऊन उभी असतात. पण हप्ता सुरू झालेला असतो.

म्हणून घरच्या थोरांना माझी एक विनंती आहे. कागदावर सही करण्याआधी, ज्याचे त्या सहीने कमी होणार आहे त्याला समोर बसवून तो कागद मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना आवाज अडखळला नाही, तर खुशाल सही करावी. अडखळला, तर पेन खाली ठेवावे आणि महाराजांचे नाव घ्यावे.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥